मृत्युपत्र, प्रोबेट आणि वारसांची कागदपत्रे

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मृत्यूनंतरच्या कागदपत्रांचा विषय घेणे काही सभासदांस अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. मंगल प्रसंगी असले बोलणे काढू नये हा आपल्याकडील संकेत आम्हांस ठाऊक आहे. तथापि संस्थेच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांखालोखाल मंडळी जर कोणत्या कामासाठी येत असतील तर ती याच कामासाठी. वडील गेले, बँक वारसाचा दाखला मागते, तो कोठे मिळतो? मुंबईच्या जागेसाठी प्रोबेट लागेल असे कोणी सांगितले, ते काय असते? नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव आहे, मग बाकीच्यांना काहीच नाही काय? हे प्रश्न विचारणारी माणसे दुःखात असतात व त्यांना उत्तर लगेच हवे असते. अशा वेळी मिळालेले उत्तर घाईचे व पुष्कळदा ऐकीव असते. म्हणून घरात सर्व कुशल असतानाच हा विषय वाचून ठेवावा, एवढ्यासाठी तो येथे घेतला आहे.

आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक गोंधळांचे मूळ एकच आहे. मालकी कोणाची, ताबा कोणाकडे आणि पुरावा कोणता, या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो. पैसे ज्याच्या हाती आले तो मालक, सातबाऱ्यावर ज्याचे नाव चढले तो मालक, मृत्युपत्राची प्रत ज्याच्या कपाटात तो मालक, अशी समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. पुढील विवेचन वाचताना हा भेद मनात ठेवला की प्रोबेटसारखा परका शब्दही अवघड वाटणार नाही.

पहिल्या काही दिवसांत करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. ती रुग्णालयातून झाली असली तरी नाव, वडिलांचे नाव व पत्ता बरोबर लिहिला आहे ना हे पाहून घ्यावे. आधार कार्डावर एक नाव, मालमत्तेच्या कागदावर दुसरे आणि मृत्यूच्या दाखल्यात तिसरे, अशी स्थिती झाल्यास पुढे प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र करावे लागते. दाखल्याच्या दहाबारा प्रती एकदमच घ्याव्यात. आणि एक गोष्ट मुळीच करू नये: गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड व गुप्त क्रमांक ठाऊक आहे म्हणून खात्यातून पैसे काढू नयेत. खर्चाची निकड खरी असते हे मान्य, पण ते पैसे आता सर्व वारसांचे झालेले असतात, आणि पुढे वाद झाला की पहिले बोट त्याच रकमेकडे जाते.

आता विषय समजावा म्हणून एक काल्पनिक कुटुंब घेऊ. समजा, अण्णा नावाचे गृहस्थ बडोद्यास निवर्तले. रावपुऱ्यात त्यांनी स्वकष्टाने घेतलेले घर आहे, मुंबईस गिरगावात एका सहकारी सोसायटीत खोल्या आहेत, सहकारी बँकेत ठेवी आहेत, विमा आहे व थोडे शेअर आहेत. मागे पत्नी, दोन मुलगे, लग्न झालेली एक मुलगी आणि अण्णांची वृद्ध आई अशी पाच माणसे आहेत. मृत्युपत्र केलेले नाही.

अशा वेळी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे या पाचही जणांना सारखा, म्हणजे एकपंचमांश हिस्सा मिळतो. मुलीचे लग्न झाले किंवा तिच्या लग्नात खर्च झाला याने तिच्या हिश्शात काही फरक पडत नाही. पत्नीला सर्व मिळून तिच्यानंतर मुलांना मिळेल, ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. तिला कायद्याचा आधार नाही. पण सर्वांत जास्त विसर पडतो तो आईचा. मुलगा गेल्यावर आई पहिल्या वर्गातील वारस असते, वडील मात्र त्या वर्गात नसतात. वृद्ध आई अंथरुणावर आहे, तिला काय करायचे आहे, असे म्हणून वारसांच्या यादीतून तिचे नाव गाळले जाते. पुढे काही महिन्यांनी आई गेली की तिचा पाचवा हिस्सा केवळ अण्णांच्या मुलांकडे जात नाही. तो तिच्या सर्व मुलांमुलींत वाटला जातो, म्हणजे अण्णांचे भाऊ व बहिणीही अण्णांच्या घरात हिस्सेदार होतात, आणि अण्णांचा जो वाटा असता तो त्यांच्या मुलांना मिळतो. अण्णांच्या पत्नीला सासूच्या त्या हिश्शातून काहीच मिळत नाही. ही गोष्ट ऐकून चकित न झालेला माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

घर स्वकष्टाचे नसून एकत्र कुटुंबाचे वडिलोपार्जित असेल तर प्रथम त्यात अण्णांचा हिस्सा किती हे ठरवावे लागते व तेवढ्यापुरताच वारसा उघडतो. त्यातही २००५ सालच्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आहे, आणि त्यासाठी २००५ साली वडील जिवंत असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

आता नॉमिनीसंबंधी. आपल्या संस्थेच्या सभासदांस हे समजावून सांगणे सोपे जावे, कारण विश्वस्त म्हणजे काय हे आपण जाणतो. संस्थेची इमारत विश्वस्तांच्या नावावर असते, बँकेच्या धनादेशावर त्यांच्या सह्या असतात, पण म्हणून इमारत किंवा पैसा त्यांचा होत नाही. नॉमिनीचे स्थान साधारण असेच आहे. बँकेने किंवा विमा कंपनीने पैसे कोणाच्या हाती दिले असता ती जबाबदारीतून मोकळी होते, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. त्या पैशावर हक्क कोणाचा हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली सांगितले, बँकेतील ठेवींबाबत २०१० साली, आणि शेअरांबाबत १४ डिसेंबर २०२३ रोजी. विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आईवडील, पतीपत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास रक्कम त्यांच्या लाभासाठी आहे अशी तरतूद आली. तिचा अर्थ वारसांचा हक्क संपला असा करावयाचा की नाही याविषयी न्यायालयांत एकवाक्यता झालेली नाही; म्हणून विम्यापुरता आपल्या वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा.

याचा अर्थ नामनिर्देशन निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. ते असले की पैसे लवकर हाती येतात व औषधोपचाराची देणी भागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार नॉमिनींपर्यंत नावे देता येतात व प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. ही सोय झाली आहे तर तिचा उपयोग करून घ्यावा. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकच मजकूर असला म्हणजे भांडणास जागाच राहात नाही. अण्णांनी थोरल्याचे नाव दिले ते तो बडोद्यास होता आणि धाकटा पुण्यास होता एवढ्याच कारणाने. थोरल्यावर जास्त माया होती म्हणून नव्हे. पंधरा वर्षांनंतर हे कोण सिद्ध करणार?

मुंबईच्या सोसायटीत नॉमिनी असेल तर महाराष्ट्रातील सहकारी कायद्यात २०१९ साली झालेल्या तरतुदीप्रमाणे तो तात्पुरता सभासद होतो. वारस निश्चित झाले की खरे सभासदत्व त्यांच्याकडे जाते.

नॉमिनी नसेल तर काय? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी, आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी, वारसांत वाद नसल्यास बँकेने न्यायालयाचे प्रमाणपत्र मागावयाचे नाही. वारसांचे अर्ज, हमीपत्र वगैरे घेऊन पैसे द्यावयाचे आहेत. या मर्यादा किमान आहेत, बँक स्वतःहून त्या वाढवू शकते. सर्व कागद पोचल्यापासून १५ दिवसांत दावा निकालात काढण्याचे बंधनही आहे. हे निर्देश अमलात आणण्यास बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिलेली होती. खिडकीवरील कारकुनास हे ठाऊक नसेल तर रागावू नये. व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

रक्कम त्याहून मोठी असेल किंवा वारसांत एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सर्वजण सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात ते, आणावे लागते. ते मृत व्यक्ती जेथे राहात होती तेथील न्यायालयात मागावयाचे असते. त्याचा उपयोग येणे रकमा, ठेवी, शेअर व रोखे यांच्यापुरताच. घर, शेत, प्लॉट यांच्यासाठी ते चालत नाही. या एका अज्ञानापायी मंडळी वर्षभर न्यायालयात हेलपाटे घालतात आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर सिटी सर्व्हेच्या कचेरीत गेल्यावर त्यांना कळते की ते येथे उपयोगाचे नाही.

स्थावरासाठी आपल्या गुजरातेत तलाठ्याकडे प्रतिज्ञापत्र देऊन व पंचांच्या सह्या घेऊन पेढीनामा करतात व त्याच्या आधाराने वारसाई नोंद पडते. महाराष्ट्रात १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनखाली न्यायालय वारसाचा दाखला देते. परंतु येथेही वरील भेद विसरू नये. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड यांवरील नोंद ही सरकारने सारा कोणाकडून घ्यावा याची सोय आहे. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार सांगितले आहे. पेढीनाम्यात बहिणीचे नाव गाळले म्हणून तिचा हिस्सा नाहीसा होत नाही. खोटे प्रतिज्ञापत्र करणारा मात्र अडचणीत येतो.

येथे हक्कसोडपत्राविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच बहिणीपुढे कागद ठेवला जातो. ती परगावाहून आलेली, रडून रडून थकलेली, चौदाव्या दिवशी गाडी पकडायची असते. "नुसती सही आहे, तलाठ्याकडे द्यायची आहे," असे सांगितले जाते. भावांच्या मनात कपट असतेच असे नाही. त्यांनाही ते तसेच सांगितलेले असते. परंतु नोंदवलेले हक्कसोडपत्र म्हणजे मालकी सोडल्याचा दस्त आहे, आणि एकदा तो झाला की केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. उलट तोंडी सांगितलेला किंवा साध्या कागदावर लिहिलेला हक्कसोड स्थावरापुरता कायद्याने टिकत नाही, त्यास नोंदणी लागतेच. बहिणीने आपला हिस्सा आनंदाने सोडला अशी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत, व त्यांत गैर काही नाही. मात्र हिस्सा किती, त्याची किंमत काय आणि तो कोणाच्या लाभासाठी सोडावयाचा, हे तिला समजले पाहिजे. आईच्या नावे सोडते आहे असे तिच्या मनात असते आणि दस्तात नावे फक्त भावांची असतात. पुढे आईची अडचण झाली की तिला धक्का बसतो. आमचे मत असे की वर्षश्राद्धापूर्वी कोणीही कोणाकडून असा दस्त करून घेऊ नये. कायद्याने अशी मुदत घातलेली नाही, पण घाई करण्याचेही कारण नसते.

हे सर्व मृत्युपत्र नसताना. मृत्युपत्र असेल तर वाट पुष्कळ सोपी होते, पण ते नीट केलेले असले पाहिजे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यास मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, व नोंदणीही सक्तीची नाही. लिहिणाराची सही आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र पाहिजेत. त्या साक्षीदारांनी सही होताना पाहिली पाहिजे, किंवा ही माझी सही आहे असे लिहिणाराने त्यांना स्वतः सांगितले पाहिजे. आत काय लिहिले आहे हे साक्षीदारांस वाचून दाखविण्याची गरज नाही.

नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले, ही समजूत चुकीची आहे. नोंदणी केलेले असो वा नसो, वाद झाल्यास हयात असलेल्या साक्षीदारांपैकी निदान एकाने न्यायालयात येऊन सांगावे लागते. आणि आपली मंडळी साक्षीदार म्हणून घेतात कोणाला? आपल्याच वयाच्या, रोज बागेत भेटणाऱ्या मित्राला! ऐंशी वर्षांच्या माणसाने ब्याऐंशी वर्षांचा साक्षीदार घेतला तर पुढे काय होणार हे सांगावयास नको. साक्षीदार वयाने लहान, ओळखीचा, ज्याचा पत्ता सापडेल असा आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळावयाचे नाही असा असावा.

१९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका म्हैसूरच्या खटल्यात मृत्युपत्राविषयी जे नियम घालून दिले ते आजही प्रमाण मानले जातात. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ते पुढे आणणारानेच तो संशय दूर केला पाहिजे, हा त्यांचा गाभा. सही कापरी आहे, लिहिणारा आजारी होता, ज्याला सर्व मिळते त्यानेच वकील आणला व मसुदा केला, पत्नीला किंवा मुलीला काही कारण न देता वगळले आहे, ही सर्व संशयाची कारणे होतात. म्हणून कोणास कमी दिले असेल तर का दिले हे एका वाक्यात लिहावे. "धाकट्यास त्याच्या शिक्षणासाठी व व्यवसायासाठी मी हयातीत रक्कम दिली आहे" एवढे वाक्य असले तरी पुष्कळ भांडणे टळतात. आणि "माझ्या पश्चात सर्वांनी गुण्यागोविंदाने वाटून घ्यावे" हे वाक्य कितीही हृद्य असले तरी त्याने वाटणी होत नाही. वाटणी आकड्यांनी आणि चतुःसीमांनी होते.

मृत्युपत्रात ते अमलात आणणारा माणूस नेमावा. त्यास एक्झिक्युटर म्हणतात. तो मुलगा असो, भाचा असो वा स्नेही असो, त्याला विचारून नेमावा व तो नसल्यास दुसरा कोण हेही लिहावे. आणि येथे आपण प्रोबेटपाशी येऊन पोचतो. प्रोबेट म्हणजे, हे मृत्युपत्र खरे आहे व हा मनुष्य त्याप्रमाणे वागण्यास अधिकारी आहे, असे न्यायालयाने आपल्या शिक्क्यानिशी, मृत्युपत्राची प्रत जोडून दिलेले प्रमाणपत्र. ते फक्त नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. कोणी नेमलेलाच नसेल तर मृत्युपत्र जोडून व्यवस्थापनपत्र, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, मागावे लागते व त्यासाठी न्यायालयास बंधपत्र द्यावे लागते. एक नाव लिहिण्याचा आळस केल्याने वारसांना जामीनदार शोधत फिरावे लागते, ते असे.

प्रोबेट आवश्यक आहे काय, हा प्रश्न सर्वजण विचारतात आणि त्याचे उत्तर अलीकडे बदलले आहे. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी कायदा झाला तो बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई शहरांपुरता. तीच हद्द १९२५ च्या कायद्यातही राहिली. त्यामुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावराविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रास, त्याच्या आधारे न्यायालयात हक्क सांगावयाचा तर, प्रोबेट लागे. बडोदे तर त्या काळी गायकवाड सरकारचे राज्य होते. ते १ मे १९४९ रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले, तरी ही सक्ती येथे कधीच आली नाही. म्हणून अण्णांच्या रावपुऱ्यातील घरास प्रोबेट नको आणि गिरगावातील खोल्यांस मात्र हवे, असा विचित्र प्रकार होत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कायद्यांची छाननी करताना ही सक्ती करणारे २१३ वे कलमच काढून टाकले. कायद्यास शंभर वर्षे झाली त्याच वर्षी हे घडले. तेव्हा कोणी जुन्या माहितीवर "मुंबई म्हणजे प्रोबेट पाहिजेच" असे सांगितले तर ते आता खरे नाही.

सक्ती गेली, प्रोबेट गेलेले नाही. ते स्वेच्छेने मागता येते, व काही प्रसंगी मागणे हिताचे आहे असे आमचे मत आहे. वारसांपैकी एकजण नाराज आहे, परदेशी आहे किंवा त्याचा ठावठिकाणा नाही; मालमत्ता विकावयाची आहे व घेणारा खात्री मागतो; एकाहून अधिक मृत्युपत्रे निघाली आहेत; अशा वेळी प्रोबेट घ्यावे. कारण एकदा ते मिळाले की मृत्युपत्राच्या खरेपणाविषयीचा निर्णय केवळ पक्षकारांवर नव्हे तर सर्वांवर बंधनकारक होतो. उलटपक्षी घरात एकमत असेल, तर केवळ कोणी म्हणाले म्हणून कोर्ट फी भरून वर्ष दीड वर्ष थांबण्याचे कारण नाही.

प्रोबेटने काय ठरत नाही हेही समजले पाहिजे. मृत्युपत्र अण्णांनीच केले एवढे ते सांगते. त्यात लिहिलेले घर खरोखर अण्णांचे होते काय, हा प्रश्न तेथे निघत नाही. भावाच्या मालकीचे घर अण्णांनी मुलास लिहून दिले आणि त्यास प्रोबेट मिळाले, तरी घर भावाचेच राहते.

अर्जाची रीत अशी. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, वारसांची नावे व पत्ते आणि मालमत्तेची किमतीसह यादी जोडून जिल्हा न्यायालयात अर्ज करावयाचा. एका साक्षीदाराने, तो मिळण्यासारखा असल्यास, अर्जावर आपली पडताळणी करावयाची. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर असते व तिचा दर प्रत्येक राज्यात निराळा आहे. नंतर न्यायालय सर्व वारसांस नोटीस काढते, ज्यांना काहीच दिलेले नाही त्यांनाही, व वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्यास सांगते. वारसांनी आधीच संमतीची प्रतिज्ञापत्रे दिली तर काम पुष्कळ लवकर उरकते. कोणी कॅव्हिएट दाखल करून हरकत घेतली तर मात्र अर्जाचे रूपांतर दाव्यात होते, साक्षीपुरावे होतात, आणि मग किती वर्षे लागतील हे कोणी सांगू नये. मृत्यूपासून पूर्ण सात दिवस गेल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही असे कलम कायद्यात आहे. आजच्या न्यायालयांची गती पाहता त्याचे हसू येते. फार वर्षे थांबून अर्ज केल्यास मात्र उशिराचे कारण सांगावे लागते, व उशीर हीच एक संशयाची बाब होते.

आपल्यासारख्या दोन राज्यांत पसरलेल्या कुटुंबांनी एक कलम लक्षात ठेवावे. जिल्हा न्यायालयाने दिलेले प्रोबेट त्या राज्यापुरते चालते. राज्याबाहेरील मालमत्ता दहा हजार रुपयांच्या आत असेल तरच न्यायाधीशाच्या दाखल्यानिशी ते अन्य राज्यांत लागू होते. १९२५ साली दहा हजारांत बंगला येत असेल, आज गिरगावात त्या पैशांत उंबरठाही यावयाचा नाही. आकडा अद्याप तोच आहे. म्हणून बडोद्यास घर व मुंबईस जागा असेल तर अर्ज उच्च न्यायालयात करावा; त्याचे प्रोबेट सर्व राज्यांत चालते.

प्रोबेट मिळाल्यावर एक्झिक्युटरचे काम संपत नाही, तेथून सुरू होते. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब त्याने न्यायालयास सादर करावयाचा असतो. देणी कोणत्या क्रमाने द्यावयाची हेही कायद्याने ठरवून दिले आहे: प्रथम अंत्यविधीचा व शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, आणि त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या मजुराचे, कारागिराचे किंवा घरगड्याचे वेतन. बाकीचे सावकार त्यांच्यानंतर. रात्रंदिवस अण्णांची शुश्रूषा करणाऱ्या बाईंचा पगार थकला असेल तर तो मुलांच्या वाटणीच्या आधी, इतकेच नव्हे तर इतर घेणेकऱ्यांच्याही आधी द्यावयाचा आहे. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात ही ओळ वाचून आम्हांस बरे वाटले.

ज्या सभासदांचे सोयरिकीचे संबंध गोव्यात आहेत त्यांनी वरील सर्व तेथे लागू करू नये. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत आहे व आता तिच्यासाठी २०१२ चा उत्तराधिकार कायदा आहे. तेथे मुलांना वगळून सर्व मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. निम्म्या भागावर वारसांचा हक्क राखीव असतो. साधारणपणे पतीपत्नीची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून विधवेचा अर्धा भाग आधीच तिचा असतो. वाटणीसाठी न्यायालयात इन्व्हेंटरीची कार्यवाही होते. गोव्यात अधिवास असणाऱ्याची भारतातील इतरत्र असलेली मालमत्ताही याच नियमांनी जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा निर्णय आहे.

भगिनी सभासदांसाठी स्वतंत्र दोन शब्द. मृत्युपत्र पुरुषांनीच करावयाचे असते ही समजूत सोडून द्यावी. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली व तिला पती व संतती नसेल, तर तिने स्वतः नोकरी करून मिळविलेला पैसा प्रथम तिच्या पतीच्या वारसांकडे जातो, आईवडिलांकडे नंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत जाते. वर्षानुवर्षे जिने सांभाळ केला त्या भाचीला काही मिळावे अशी इच्छा असेल तर ती लिहूनच ठेवली पाहिजे.

मृत्युकर किती पडेल, असे वडीलधारी मंडळी अजून विचारतात. तो कर १९८५ सालीच बंद झाला. गेलेल्या व्यक्तीचे त्या वर्षाचे आयकराचे विवरण मात्र वारसाने भरावयाचे असते. तसेच दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, आणि सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. ते बुडत नाहीत, वारसाला मागता येतात. ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली उद्गम नावाची सोय संगणकावर केली आहे. वडिलांचे नाव घालून एकदा पाहावे.

राहता राहिला प्रश्न मृत्युपत्र ठेवावयाचे कोठे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तर तो लॉकर उघडण्यासाठीच वारसांना कागद लागतात. देवघरात किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवलेले सापडत नाही, किंवा नको त्याला सापडते. नोंदणी कायद्यात एक जुनी सोय आहे, तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. मृत्युपत्र लाखबंद पाकिटात घालून, वर आपले नाव व आत काय आहे ते लिहून, जिल्ह्याच्या रजिस्ट्रारकडे ठेवता येते. हयातीत ते केव्हाही परत घेता येते. मृत्यूनंतर कोणी अर्ज केला की रजिस्ट्रार अर्जदारासमक्ष पाकीट उघडतो, मजकूर आपल्या तीन क्रमांकाच्या पुस्तकात उतरवून घेतो व मूळ कागद पुन्हा ठेवून देतो. पाकिटाच्या पावतीची एक प्रत एक्झिक्युटरकडे व एक घरातील मृत्यूच्या वेळी पहिल्यांदा उघडली जाणाऱ्या फाइलीत, म्हणजे बहुधा विम्याच्या फाइलीत, लावून ठेवावी.